लवंग तेल घरात ठेवावं की नाही? (दाढदुखीवाल्यांनी भांडत या)

गंगापूररोडकर: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. दाढ दुखली की लवंग तेलाचे दोन थेंब दाढेवर, बाळाला दात येताना एक थेंब हिरडीवर आणि सर्दीला पाच थेंब गरम पाण्यातून प्या म्हणे. पहिलं मी समजू शकतो पण बाकीचे दोन वाचून डोकं फिरलं. लवंग वेगळी आणि तिचं तेल वेगळं हो. वाळलेल्या लवंगेत साधारण १५ ते २० टक्के तेल असतं, म्हणजे १० मिलीच्या बाटलीमागे पन्नास-साठ ग्रॅम लवंगा लागतात. तेवढ्या लवंगा एका दिवसात कोण खातं? माझं मत, लहान मुलं असलेल्या घरात ही बाटली नकोच.

सिडको_नाना: झालं सुरू! आमच्या आईच्या बटव्यात कायम असायचं, कापसाचा बोळा दाढेत धरला की सकाळपर्यंत झोप लागायची. दाताचे डॉक्टर तरी काय वापरतात, झिंक ऑक्साइड युजेनॉलचं तात्पुरतं फिलिंग! दवाखान्यात शिरल्याशिरल्या जो वास येतो ना तो त्या युजेनॉलचाच, आणि लवंग तेलात बहुतेक तेच असतं. त्यांनी केलं तर सायन्स आणि आम्ही केलं तर अडाणीपणा??

हिरडीची_डॉक्टर: नाना, ते मोजून पावडरीत कालवून दातात बसवतात. बोळ्यातलं नुसतं तेल हिरडीवर, गालाच्या आत पसरतं आणि कातडी पांढरी पडून सोलते, पेशंटमध्ये बघते मी. दुसरं म्हणजे दुखणं दबतं पण कीड आतच राहते, मग तोंड सुजल्यावर लोक येतात.

पेठवाला: मॅडम, तुमचं शहरातलं ठीक आहे. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याला रात्री अकराला दाढ उठली तर डेंटिस्ट कुठून आणू, घाट ओलांडून नाशकात पोचेपर्यंत माणूस वेडा होतो. लवंग तेल नको म्हणणाऱ्यांनी आधी तिथे दवाखाना उघडावा, मग बोलू आपण.

मिसळ_जास्त_तर्री: पेठवाला +१. आणि पुरावा पाहिजे ना? २००६ मध्ये कुवेतमध्ये अभ्यास झालाय, लवंगेचं जेल बेंझोकेनइतकंच (हिरडी बधिर करायचं औषध) चाललं. घ्या!

हिरडीची_डॉक्टर: तो अभ्यास वाचलाय मी. त्यात लवंगेची पूड ग्लिसरीनमध्ये कालवून जेल केलं होतं, तेल नव्हतंच. आणि हिरडीला सुई टोचल्यावर किती दुखतं ते मोजलं, किडलेल्या दाढेचा त्यात संबंध नाही. त्यामुळे तुमच्या बाजूने अर्धाच धरा.
पेठवाले भाऊ, तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. रात्रीपुरतं लावायचंच तर अर्धा चमचा खोबरेलात एक थेंब, बोळा दाढेवरच टेकवायचा, थोड्या वेळाने काढून टाकायचा. थंडीत खोबरेल गोठतं तेव्हा तिळाचं घ्या. गिळायचं नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, युजेनॉलनेही रक्त गोठायला वेळ लागतो.

गंगापूररोडकर: आणि सर्दीचे पाच थेंब? तेल पाण्यात विरघळतच नाही, पाण्याहून जड म्हणून तळाशी बसतं आणि तसंच तोंड-घसा भाजत जातं. युजेनॉलची रोजची मर्यादा किलोमागे अडीच मिलीग्रॅम धरतात. दहा किलोच्या पोराला झाले पंचवीस, एक अख्खा थेंबही त्याच्या वर जातो. दोन वर्षांच्या मुलाने ५ ते १० मिली प्यायल्यावर फिट्स, कोमा आणि लिव्हर खराब झाल्याची केस नोंदलेली आहे. पाच मिली म्हणजे एक चमचा!

सिडको_नाना: पोरांना द्या असं मी कुठे म्हणालो? माझ्या दाढेचं बोलतोय मी. उद्या कुणी फिनाईल पितं म्हणून फरशी पुसायची बंद करणार का?

गंगापूररोडकर: फिनाईल कुणी बाळाच्या हिरडीला चोळा म्हणून फॉरवर्ड करत नाही नाना, वांधा तिथेच आहे. याला लोक औषध समजतात म्हणून बाटली देवघराच्या फळीवर असते.

पंचवटी_ताई: भांडून झालं असेल तर एक विचारू का, पोराने चुकून प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची ना?

हिरडीची_डॉक्टर: अजिबात नाही ताई! उलटीत तेल फुफ्फुसात गेलं तर आणखी अवघड. तोंड पुसा, बाटली सोबत घ्या आणि सरळ सिव्हिल नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, पोर हसतंखेळतं दिसलं तरी. लिव्हरचा त्रास नंतरही वर येऊ शकतो.

सिडको_नाना: बरं, फळी बदलतो, वर कपाटात कुलपात ठेवतो. टाकून मात्र देणार नाही, सांगून ठेवतो.