शब्दचर्चा: घड्याळ खाणे, वेळकाढूपणा आणि 'पळवाट'

एडिसनकर
आमच्या मंडळाच्या अंकासाठी अमेरिकन फुटबॉलची मराठीत ओळख लिहितोय. डाउन, टचडाउन, पंट, यार्ड तसेच ठेवलेत, त्यांना मराठी कपडे चढवायचा हट्ट नाही. अडलोय तो घड्याळापाशी. 'क्लॉक मॅनेजमेंट'ला 'वेळेचे व्यवस्थापन' लिहिलं की दहावीच्या मार्गदर्शन शिबिराचं पत्रक वाचतोय असं वाटतं.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सामना 60 मिनिटांचा, पण घड्याळ सलग चालत नाही. पास झेलला न जाता जमिनीवर पडला की थांबतं. चेंडू घेऊन पळणारा मैदानातच पाडला गेला तर चालू राहतं. एक चाल संपली की 40 सेकंदांत पुढची सुरू करावी लागते आणि त्यासाठी वेगळं छोटं घड्याळ असतं. प्रत्येक अर्ध्या डावात दर संघाला तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवून घ्यायच्या तीन संधी. आता आघाडीवरचा संघ काय करणार हे सांगायला नको. तो 40 पैकी 39 सेकंद निवांत उभा राहतो आणि समोरचे टाइमआउट मोजत बसतात.

माझे दोन प्रश्न. या सगळ्या प्रकाराला एक मराठी शब्द कोणता? आणि नियमातली फट शोधून घड्याळाशी खेळणं, याला 'पळवाट' म्हणावं का? लिहून ठेवलंय, पण पटत नाही.

जुना वाचक
वेळकाढूपणा. रोजच्या पेपरात येतो, सगळ्यांना कळतो. धागा बंद करायला हरकत नाही.

एडिसनकर
नाही हो, तो अर्धाच बसतो. पिछाडीवरचा संघ याच नियमांतून वेळ *वाचवत* असतो. पास झेलून मुद्दाम मैदानाबाहेर जाणं, चाल सुरू होताच चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवणं, हा वेळकाढूपणा कसा?

शब्दवेडा
शिवाय वेळकाढूपणात आळसाचा वास आहे. सरकारी टेबलामागचा माणूस वेळकाढूपणा करतो. त्याच्या शेजारी चालढकल, टंगळमंगळ, दिरंगाई बसलेल्या असतात. 'वेळ मारून नेणे' तर आणखी वेगळं. तिथे वेळ म्हणजे अडचणीचा प्रसंग, सेकंद नव्हेत. ज्या प्रशिक्षकानं आठवडाभर बसून हिशेब केलाय की 1 मिनिट 50 सेकंद कसे घालवायचे, त्याला वेळकाढू म्हणणं अन्याय आहे.

'पळवाट' का खटकते तेही सांगतो. पळवाट म्हणजे निसटायची वाट. कर चुकवायचाय, हजेरी टाळायचीय, शिक्षा टाळायचीय, तेव्हा माणूस पळवाट शोधतो. तुमच्या खेळात शिक्षा टाळतात की मागून घेतात? एखादं खरं उदाहरण द्या, मग बोलू.

बोस्टनवाली
उदाहरण मी देते, जखम अजून ओली आहे.

21 ऑक्टोबर 2019, पेट्रियट्स विरुद्ध जेट्स, न्यू जर्सीत. आमचे पेट्रियट्स 33-0 असे पुढे. चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात पंट करायची वेळ आली, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या संघानं पंट केलाच नाही. छोटं घड्याळ संपू दिलं. 'डिले ऑफ गेम', पाच यार्ड दंड. पंट करताना पाच यार्ड मागे गेल्यानं कुणाचं काय बिघडतं? आणि गंमत अशी की दंड लावून झाला की पंचांच्या इशाऱ्याबरोबर मुख्य घड्याळ पुन्हा चालू व्हायचं. मग वेळेआधी हलून आणखी एक चूक, पुन्हा दंड, पुन्हा घड्याळ चालू. एकही चाल झाली नाही आणि मिनिटाहून जास्त वेळ गेला. ही फट बहुधा बुजवली जाईल, बुजवायलाही हवी, पण सध्या उघडी आहे, अशा अर्थाचं बेलिचिक नंतर बोललेही. समालोचक हसत होते, मीही हसत होते.

मग 4 जानेवारी 2020. प्लेऑफ, आमच्याच मैदानावर, समोर टेनेसी टायटन्स. त्यांचे प्रशिक्षक माइक व्रेबल, बेलिचिक यांच्याच हाताखाली खेळून मोठे झालेले. टायटन्स 14-13 पुढे, साडेसहा मिनिटांच्या आसपास उरलेली, पंटची वेळ. आणि व्रेबल यांनी हाच प्रयोग जसाच्या तसा लावला. आधी डिले ऑफ गेम, मग वेळेआधी हलणं. वर आमच्यातलाही एक जण रेषा ओलांडून त्यांना मदत करून गेला. शेवटच्या पाच मिनिटांत हा नियम बदलतो, दंडानंतर घड्याळ चाल सुरू होईपर्यंत थांबूनच राहतं. म्हणून पाच मिनिटांची खूण उलटेपर्यंतच हे चालवायचं होतं आणि तेवढंच त्यांनी चालवलं. कडेला उभे बेलिचिक पंचांवर ओरडत होते. गुरूची विद्या गुरूला फळली. आम्ही 20-13 हरलो आणि आमच्या नावाजलेल्या टॉम ब्रेडीचा पेट्रियट्सच्या जर्सीतला तो शेवटचा सामना ठरला.

त्याच वर्षी मे महिन्यात नियम बदलला. घड्याळ चालू असताना लागोपाठ असे दंड घेऊन वेळ घालवता येत नाही.

शब्दवेडा
झालं तर मग. हे लोक शिक्षेपासून पळत नाहीत, शिक्षा विकत घेतात. पाच यार्ड देऊन पाऊण मिनिट घेतात. मराठीत याला पळवाट नाही, सौदा म्हणतात. नियमकर्त्यानं चुकीची किंमत लावली आणि गिऱ्हाइकाला ते आधी कळलं. 'फट' हा शब्द ठेवा, तो नियमाचं वर्णन करतो. 'पळवाट' माणसाच्या हेतूचं वर्णन करते, आणि इथे हेतू पळायचा नाही.

मैदानी
एवढं डोकं कशाला? आमच्या गल्लीत याला रडीचा डाव म्हणतात.

शब्दवेडा
रडीचा डाव हरणारा खेळतो. आउट झाल्यावर 'बॉल लागलाच नाही' म्हणणारा, बॅट घेऊन घरी जाणारा. 33-0 पुढे असलेला माणूस रडी कसा?

मैदानी
बरं, मग कबड्डीकडे या. आघाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत काय करतो? चढाईपटू जातो, निदान रेषा ओलांडतो, कुणाला हात न लावता, 30 सेकंद संपत आले की परत येतो. रिकामी चढाई. नियमात पूर्ण बसते. म्हणूनच दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद, हा नियम आला. 'डू ऑर डाय' म्हणतात ती हीच. तुमचा बेलिचिक आणि आमचा चढाईपटू एकाच जातीचे. आम्ही याला 'चढाया काढणं' किंवा सरळ 'वेळ खाणं' म्हणतो. घड्याळ खाणं चालेल की.

एडिसनकर
'घड्याळ खाणे' घेतला. मात्र पिछाडीवाल्यांचा प्रश्न उरतोच. हेच व्रेबल ऑक्टोबर 2020 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध एका गुणानं मागे होते, चेंडू टेक्सन्सकडे आणि घड्याळ चालू. तेवढ्यात टायटन्सचा एक जादा खेळाडू मैदानात धावत आला. अकराचे बारा झाले, दंड, घड्याळ थांबलं, टाइमआउट शाबूत. ती चूक होती की चाल, यावर बराच खल झाला. सामना टायटन्सनी जादा वेळेत 42-36 जिंकला.

जुना वाचक
आपल्याकडे बारावा गडी पाणी घेऊन येतो. तिकडे वेळ घेऊन येतो म्हणायचा.

बोस्टनवाली
बारावा गडी उलट्या कामालाही येतो. 12 ऑक्टोबर 2024, कॉलेज फुटबॉल, ओरेगॉन विरुद्ध ओहायो स्टेट. ओरेगॉन 32-31 पुढे, 10 सेकंद उरलेले, चेंडू ओहायोकडे. ओरेगॉननं बचावात बारा जण उभे केले. दंड पाच यार्डांचा, पण चालीत गेलेले चार सेकंद परत मिळत नव्हते. उरले सहा, आणि त्यात ओहायोला जमलं नाही. ओरेगॉनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी नंतर बोलताना ही तयारीच होती असं सुचवलं. त्याच आठवड्यात कॉलेज फुटबॉलच्या नियामकांनी खुलासा काढला की शेवटच्या दोन मिनिटांत बचावाकडून असं झालं, तर समोरच्या संघाला घड्याळ मागे लावून घेता येईल.

याला मात्र मी सौदा म्हणणार नाही. बेलिचिक यांनी पंट लांबवला, तो खेळ कंटाळवाणा झाला इतकंच. इथे अकराच्या खेळात बारा जण उतरवून समोरच्याची चालच नासवली. माझ्या मते ही लबाडी. नियमात बसली तरी लबाडी.

शब्दवेडा
पटलं. 2016 मध्ये बाल्टिमोर रेवन्सनी केलं तेही याच खात्यात जातं. सिनसिनाटीविरुद्ध सात गुणांनी पुढे, 11 सेकंद बाकी. पंट मारणारा सॅम कुक चेंडू घेऊन आपल्याच टोकाला फिरत राहिला आणि बाकीच्यांनी समोरच्यांना राजरोस धरून ठेवलं. समोरच्यांना दोन गुण मिळाले, पण तोवर घड्याळ शून्यावर आलं होतं. 19-14, सामना संपला. पुढच्या वर्षी नियम झाला की वेळ घालवायला एकाच चालीत असे अनेक दंड ओढवून घेतले, तर 15 यार्ड मागे आणि घड्याळ पूर्ववत.

एडिसनकर
आणखी एक अडचण. आघाडीवरचा संघ शेवटी चेंडू घेतो, क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, गुडघा टेकतो, घड्याळ चालू राहतं. तीन-चारदा केलं की सामना खिशात. मी लिहिलं, 'मग जायंट्सनी गुडघे टेकले.' मुद्रितशोधक काकूंनी समासात विचारलं, 'म्हणजे हरले ना?'

जुना वाचक
काकूंचं बरोबर आहे. मराठीत गुडघे टेकले की शरणागतीच.

बोस्टनवाली
आणि जायंट्सचंच नाव घेतलंत! 19 नोव्हेंबर 1978, ईगल्सविरुद्ध 17-12 पुढे, ईगल्सकडे एकही टाइमआउट नाही. नुसतं चेंडू घेऊन खाली बसायचं होतं. त्याऐवजी क्वार्टरबॅक जो पिसार्चिक यांनी चेंडू लॅरी झोंका यांच्याकडे द्यायला घेतला, तो निसटला, हर्म एडवर्ड्स यांनी उचलून 26 यार्ड पळवला आणि ईगल्स 19-17 जिंकले. त्यानंतर गुडघा टेकण्याची शिस्तशीर मांडणीच सगळ्यांनी बसवली.

शब्दवेडा
अनेकवचन टाळा. 'गुडघे टेकले' म्हणजे हरले. 'एक गुडघा टेकवून चाल संपवली' म्हटलं की काकू समास कोरा सोडतील.

एडिसनकर
तर सध्या असं लिहितोय: आघाडीवरचे *घड्याळ खातात*, पिछाडीवरचे *घड्याळ अडवतात*. नियमात *फट* असते. दंड घेऊन वेळ मिळवली तर *सौदा*. बारा जणांना *लबाडी* म्हणायचं की नाही, हे संपादकांवर सोडतो, ते ओहायोचे आहेत.

मैदानी
मग लबाडीच छापून येणार.