जामिनाची हजेरी चालू असताना ऊसतोडीला कर्नाटकात जाता येईल का? (जत, जि. सांगली)

जतकर: चुलतभावाला सांगलीच्या सत्र न्यायालयातून जामीन झाला. दर सोमवारी १० ते १ जत पोलीस ठाण्यात हजेरी आहे. टोळी अथणीकडे निघाली आहे. ठाण्यातले म्हणतात, महिन्यातून एकदा आलास तरी चालेल. तेवढ्यावर पाठवावं का?

नक्कलवाला: नको. अट कोर्टाची आहे, ती सैल करायचा अधिकार ठाण्याला नाही. उद्या अंमलदार बदलला की गैरहजेरीचा अहवाल जातो आणि सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज टाकतात (बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम ४८३(३)).

आधी आदेशाची नक्कल काढून दोन गोष्टी बघा. हजेरी "दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल होईपर्यंत" आहे की "पुढील आदेशापर्यंत"? पहिलं असेल आणि दोषारोपपत्र गेलं असेल, तर हजेरी संपलीच. फक्त ते दाखल झाल्याची खात्री कोर्टातून करा, ठाण्यातल्या तोंडी निरोपावरून नको. दुसरं म्हणजे जिल्हा किंवा राज्य न सोडण्याची वेगळी अट आहे का. जतकरांना अथणीचा बाजार रोजचा, पण कागदावर ते दुसरं राज्य आहे.

बाररूम_सांगली: अर्ज जामीन देणाऱ्या कोर्टातच करायचा. हायकोर्टाचा जामीन असता तर कोल्हापूरला जावं लागलं असतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्यासाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) तिथे आहे. सोबत मुकादमाचं पत्र, कामाचं गाव, मुक्कामाचा पत्ता, चालू मोबाईल नंबर आणि आतापर्यंतच्या हजेरीचा पुरावा जोडा. सरकारी पक्षाचं म्हणणं मागवलं जातं, त्यात तारखा जातात. तोवर सोमवार चुकवू नका. "हजेरी रद्द करा" यापेक्षा "हंगामापुरती महिन्यातून एकदा करा आणि अथणी तालुक्यात राहू द्या" अशी नेमकी मागणी मंजूर व्हायला सोपी.

नक्कलवाला: पुराव्याचं राहिलं. रजिस्टरला सही होतेच, पण स्वतःच्या वहीतही तारीख, वेळ, अंमलदाराची सही आणि शिक्का घ्या. तपासी अंमलदार बंदोबस्तावर असले तर "उद्या या" ऐकून परतायचं नाही, ठाणे अंमलदाराकडून नोंद करून घ्यायची. सोमवारी सुट्टी असली तरी ठाणं उघडंच असतं. आजारी पडला तर त्याच दिवशी लेखी अर्ज, दाखला, आणि पोच आवक क्रमांकासह.

जतकर: आणि कोर्टाच्या तारखा?

बाररूम_सांगली: त्या वेगळ्या. हजेरी माफ झाली तरी तारखेला यावंच लागतं, नाहीतर वकिलामार्फत त्या दिवसापुरता गैरहजेरी माफीचा अर्ज. सबळ कारणाशिवाय चुकली तर वॉरंट निघतं, जामीनदाराला नोटीस जाते, शिवाय बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत शिक्षेचा नवा गुन्हा होऊ शकतो.