अ‍ॅक्झोलॉटलच्या कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी

प्रश्न: माझ्या अ‍ॅक्झोलॉटलच्या (पाण्यात राहणारा उभयचर प्राणी) कल्ल्यांवर पांढरे पुंजके आलेत. टाकीचं पाणी २४ अंश. मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायचं?

उत्तर १: आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला चहाचे २ सपाट चमचे. वेगळ्या टबात पूर्ण विरघळवा. तापमान त्याच्या नेहमीच्या पाण्याइतकंच हवं. १० मिनिटं, दिवसातून दोनदा. १५ मिनिटांवर अजिबात नको, त्वचा आणि कल्ले पोळतात. टाकीत मीठ ओतू नका.

उत्तर २: मिठाआधी ते २४ अंश बघा! पाणी १६ ते १८ अंश असायला हवं. उष्णतेने प्राणी कमजोर पडतो, मग बुरशी बसते. त्याला बिनमिठाच्या पाण्याच्या टबात काढा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने रोज पूर्ण पाणी बदला. गारवा हळूहळू आणा, बर्फ थेट टाकू नका. टाकीत अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं) शून्य आहे ना?

प्रश्नकर्ता: अमोनिया ०.५ आहे.

उत्तर २: मग टाकी सुधारेपर्यंत तो टबातच राहू दे.

उत्तर ३: पुंजके चिमट्याने ओढू नका, कल्ल्याचे तंतू तुटतात. माशांची मॅलाकाइट ग्रीन किंवा तांब्याची औषधं तर नकोच, उभयचरांची त्वचा सगळं शोषते. चार-पाच दिवसांत फरक नसेल किंवा खाणं सुटलं, तर पशुवैद्य गाठा.