सिक्युअर बूट चालू केल्यापासून डेबियनमधून मिलिंग मशीन हलत नाही – मदत हवी आहे

मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. बीडाची (कास्ट आयर्नची) कास्टिंगं, पंपाची हाउसिंगं, व्हॉल्व्हच्या बॉड्या, असलं जॉबवर्क. ऑफिसात एकच डेस्कटॉप आणि त्यावर दोन सिस्टिम. विंडोज ११ मध्ये टॅली, जीएसटी आणि ई-वे बिलं. डेबियन १२ या लिनक्समध्ये लिनक्स-सीएनसी हा मशीन चालवणारा प्रोग्राम, ज्यावर आमची रेट्रोफिट केलेली (नवे कंट्रोल बसवलेली) जुनी मिलिंग चालते. ऑफिस आणि शॉपमधल्या पार्टिशनला भोक पाडून पॅरलल पोर्टची (जुन्या प्रिंटर पोर्टची) केबल पलीकडं मशीनच्या पॅनेलला गेली आहे. दिवसा मशीन, संध्याकाळी बिलं, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

सुट्टीत भाचा आला. त्याला बंदुकांचा एक ऑनलाइन खेळ खेळायचा होता आणि विंडोज ११ वर तो खेळ टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असल्याशिवाय उघडतच नाही. पोरगं हुशार आहे. मला विचारून, बायॉसमध्ये जाऊन दोन्ही चालू केलं. खेळ चालला, टॅलीही चाललं. सोमवारची सुट्टी संपवून मंगळवारी सकाळी जॉब लावायला गेलो, तर मशीन मुकाट.

आता नेमकं काय होतंय ते सांगतो. संगणक चालू केल्यावर ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा, मेनू नेहमीसारखा येतो. विंडोज निवडलं तर काही तक्रार नाही. पण ज्यानं मशीन रेट्रोफिट करून दिलं त्यानं स्वतः कंपाइल करून घातलेला रिअल-टाइम कर्नल (वेळ काटेकोर पाळणारा लिनक्सचा गाभा) निवडला, की काळ्या पडद्यावर ‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि त्याखाली ‘यू नीड टु लोड द कर्नल फर्स्ट’ एवढंच येतं आणि परत मेनू.

म्हणून डेबियनच्या भांडारातला त्यांचाच आरटी (रिअल-टाइम) कर्नल घालून पाहिला. तो नीट सुरू होतो, डेस्कटॉप येतो, पण लिनक्स-सीएनसी उघडताना पोर्टचा ड्रायव्हर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून पडतो. डी-मेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) पाहिलं तर ‘लॉकडाऊन’ असं लिहून पुढं ‘रॉ आयओ पोर्ट अ‍ॅक्सेस इज रिस्ट्रिक्टेड’ अशी ओळ दिसते. केबल, ब्रेकआउट बोर्ड, ड्राइव्ह सगळं तपासलं. तिकडं काही बिघाड नाही.

सिक्युअर बूट सरळ बंद करून टाकावं असं वाटतं, पण दोन शंका आहेत. बंद केलं तर विंडोज ११ कुरकुर करेल का? आणि पुण्याच्या एका मित्राच्या लॅपटॉपवर असंच काही बदलल्यावर निळा पडदा येऊन ४८ आकड्यांची की मागितली गेली होती. तसं इथं झालं तर महिनाअखेरीला टॅली उघडणार नाही, आणि मग आमच्या सीएसाहेबांना तोंड कसं दाखवू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :

तुमच्याकडं दोन वेगळे अडथळे आहेत, दिसायला सारखे वाटतात एवढंच. मेनू येतोय याचा अर्थ शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आणि ग्रब डिजिटल सहीच्या परीक्षेत पास झाले. डेबियनच्या शिमवर मायक्रोसॉफ्टची सही असते. पुढं ग्रब कर्नलची सही तपासतो. घरी कंपाइल केलेल्या कर्नलवर कुणाचीच सही नाही, म्हणून तो दारातूनच परत. डेबियनच्या कर्नलवर डेबियनची सही आहे, म्हणून तो आत आला. पण सिक्युअर बूट चालू दिसलं की डेबियनचा कर्नल स्वतःहून लॉकडाऊनमध्ये जातो, म्हणजे रूट वापरकर्त्यालासुद्धा हार्डवेअरच्या पोर्टला थेट हात लावू देत नाही. पॅरलल पोर्टवर स्टेप पल्स पाठवायला लिनक्स-सीएनसीला नेमकं तेच करावं लागतं. त्यामुळं तिथं कॉन्फिग फाइल कितीही खरवडली तरी उपयोग नाही.

हट्टानं सिक्युअर बूट चालूच ठेवायचं असेल तर जुन्या कर्नलवर आपली स्वतःची सही करता येते. ओपन-एसएसएलनं किल्ली बनवायची, मोकयुटिलनं ती आयात करायची, त्या वेळी एक पासवर्ड ठरवायचा. पुढच्या बूटला निळा मॉक मॅनेजर (मालकाच्या किल्ल्या नोंदवायचा पडदा) येतो, तिथं ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. मग एसबी-साइननं कर्नलवर सही. मूळ सोर्समधून, डेबियनचे पॅच न घेता बनवलेला कर्नल सिक्युअर बूट बघून आपोआप लॉकडाऊन लावत नाही, त्यामुळं पोर्टही चालायला हवा. मात्र कर्नल बदलला की सहीचा कारभार पुन्हा.

आणि विंडोज ११ चं म्हणाल तर त्याची अट ‘सिक्युअर बूट करू शकणारा संगणक’ अशी आहे, ते चालूच असावं अशी नाही. बंद असलं तरी विंडोज चालतं. खेळ तेवढा बंद पडेल.

प्रतिसाद :

बायॉसला हात लावायच्या आधी ४८ आकड्यांचं बघून घ्या, हे फार महत्त्वाचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘मॅनेज-बीडीई’ला ‘स्टेटस’ विचारा. ‘फुली डिक्रिप्टेड’ असं आलं तर निर्धास्त राहा. एन्क्रिप्टेड आलं तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि प्रोटेक्शन सस्पेंड करा, मगच पुढं जा. बिटलॉकर (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) टीपीएमच्या भरवशावर चालतं आणि सिक्युअर बूटची स्थिती बदलली की टीपीएम किल्ली सोडत नाही, म्हणून तो निळा पडदा. होम आवृत्तीत याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात आणि ते मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केल्यावर गुपचूप चालू होऊ शकतं. की त्या खात्यातच साठते. भाच्यानं स्वतःच्या खात्यानं लॉग-इन केलं असेल तर की त्याच्याकडं निघेल, तुमच्याकडं नाही. आधी त्याला फोन लावा.

बायॉसचा सेल काढून रिसेट वगैरे करू नका. पोर्ट बोर्डावरचाच असेल तर ईपीपी मोडचं सेटिंगही त्याबरोबर उडतं. काही बोर्डांवर सिक्युअर बूट बंद करायचं बटणच दिसत नाही, तिथं ओएस टाइपमध्ये ‘अदर ओएस’ निवडायचं असतं. किल्ल्या पुसण्याचा पर्याय दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद :

भावा, मशीन चालवणाऱ्या पीसीवर टॅली ठेवतोस, कमाल आहे तुझी! बीडाची धूळ एसएमपीएसमध्ये गेली की मशीनबरोबर खातीही बसली. राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत सेकंड-हँड डेस्कटॉप बघ, तो मशीनला लाव, त्याला इंटरनेट देऊ नको आणि सिक्युअर बूट बंद ठेव. ऑफिसच्या पीसीवर ते चालू राहू दे, बँकिंग तिथंच होतंय. बूटच्या आधी घुसणारे व्हायरस असतात, २०२३ मध्ये ब्लॅकलोटसची बातमी आली होती ती याच जातीची. पुढंमागं पॅरलल पोर्ट काढून मेसा कंपनीचं मशीन चालवायचं इथरनेट कार्ड घातलंस तर लॉकडाऊनचा प्रश्नच मिटतो. ते नेटवर्कवरून बोलतं, पोर्टला हात लावत नाही.

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. मॅनेज-बीडीईनं ‘फुली डिक्रिप्टेड’ दाखवलं, तरी भाच्याला फोन करून खात्री केली. त्यानं आपल्या खात्यानं लॉग-इन केलंच नव्हतं. आमच्या बोर्डावरही ‘अदर ओएस’चीच भानगड निघाली. ते निवडल्यावर जुना कर्नल लगेच उठला. आधी स्पिंडल बंद ठेवून तिन्ही अ‍ॅक्सिस होम करून बघितले, मग जॉब लावला. डेबियनमध्ये ‘मोकयुटिल’ला ‘एसबी-स्टेट’ विचारल्यावर ‘डिसेबल्ड’ येतं. विंडोजनं अजून काही कुरकुर केलेली नाही, टॅली उघडतंय. भाचा तेवढा फुगून बसलाय.

सहीचा उद्योग मी करणार नाही. कर्नल बदलला की पुन्हा कोण बसणार? वेगळा पीसी मात्र पटला, या आठवड्यात बघतो. इथरनेट कार्डाबद्दल अजून विचारायचं आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात कुणी जुन्या मिलिंगवर ते बसवलं असेल तर इथं लिहा. प्रत्यक्ष बघायला येईन, सोमवारी आमचं शॉप बंदच असतं.