मदत हवी आहे: स्पाइक समजलं, पण कोरोनाची बाकीची तीन प्रथिनं मुलांना कशी शिकवू?

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. बारावीचा आरोग्य आणि रोगांचा धडा चालू आहे आणि मुलं कोरोनापाशी येऊन अडली आहेत. टाळेबंदीत ही पोरं प्राथमिक शाळेत होती, काहींच्या घरातली माणसं गेली. 'परीक्षेला एवढंच येतं' म्हणून पुढे सरकणं मला पटत नाही.

स्पाइकपर्यंत, म्हणजे विषाणूवरच्या काट्यापर्यंत, ठीक चाललंय. 1273 अमिनो आम्लांचं प्रथिन, अशी तीन मिळून एक काटा. त्याचा एस1 भाग आपल्या पेशीवरच्या एसीई2 ग्राहीला (विषाणू जिथे चिकटतो त्या प्रथिनाला) धरतो, एस2 विषाणूचं आवरण आणि पेशीचं पटल एकजीव करतो. त्याआधी विकरांनी दोन काप द्यावे लागतात. फ्युरिनचा काप विषाणू आधीच्या पेशीत तयार होतानाच बसतो, दुसरा नव्या पेशीच्या पृष्ठभागावर टीएमपीआरएसएस2 हे विकर देतं. फळ्यावर काढलं की हे मुलांना कळतं.

पण एका मुलीने विचारलं, "मॅडम, काटा फक्त आत शिरायला. मग माणूस एवढा आजारी कशाने पडतो?" इथे मला जाणकारांची मदत हवी आहे. ई (एन्व्हलप, म्हणजे आवरणातलं) प्रथिन जेमतेम 75 अमिनो आम्लांचं, विषाणूवर संख्येनेही अगदी थोडं. तरी आजाराच्या तीव्रतेशी त्याचं नाव जोडतात, ते कसं? एन (न्यूक्लिओकॅप्सिड) प्रथिन तर आवरणाच्या आत आरएनएला बिलगून असतं. प्रतिपिंडं तिथे पोचतच नाहीत, मग ती तयार होऊन उपयोग काय? आणि आमच्या गावात काहींनी कोविशिल्ड घेतली, काहींनी कोवॅक्सिन. रक्तात एनविरोधी प्रतिपिंडं सापडली तर कोरोना होऊन गेला असं म्हणता येईल का?

प्रतिसाद 1

ताई, त्या मुलीला शाबासकी द्या. विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून लिहितो.

आधी तिसरं प्रथिन, एम (मेम्ब्रेन). आवरणात सगळ्यात जास्त हेच. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी या पेशीतल्या अंगकांच्या मधल्या पटलात ते जमतं, पटलाला बाक देतं, स्पाइक आणि एन यांना तिथे गोळा करतं. उंदरांच्या कोरोना विषाणूवरच्या प्रयोगांत फक्त एम आणि ई पेशीत बनवले, तरी रिकामी कवचं तयार झाली. स्पाइकची त्याला गरज पडली नाही.

ई हे बांधणीत मदत करतंच, शिवाय पाच मिळून पटलात आयन (विद्युतभारित कण) जाण्याची वाट तयार करतात. माद्रिदच्या लुईस एन्हुआनेस यांच्या गटाने 2003 च्या सार्स विषाणूत नेमकी ही वाट बंद पाडली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात उंदरांच्या फुप्फुसात विषाणू वाढला, पण फुप्फुसात पाणी साचणं आणि दाह कमी झाला, उंदीर जगले. या वाटेने कॅल्शियमही सरकतं आणि पेशीतली दाह पेटवणारी यंत्रणा जागी होते. वाढ आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

एन आरएनए गुंडाळतं आणि पेशीचा इंटरफेरॉनचा इशाराही (विषाणू आल्याची सूचना) दाबतं. इशारा उशिरा गेला की विषाणू वाढून बसतो आणि नंतर प्रतिकारशक्ती बेफाम होते. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ते औषध विषाणूला मारत नाही, दाह आवरतं. मुलीच्या प्रश्नाचं मोठं उत्तर त्यात आहे.

प्रतिसाद 2

लसींचं मी सांगते. कोविशिल्ड फक्त स्पाइक बनवायला शिकवते. कोवॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय केलेला विषाणू आहे, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेने) वेगळा केलेला, म्हणजे एनही आलं. त्यामुळे कोविशिल्डवाल्यात एनविरोधी प्रतिपिंडं दिसली तर संसर्ग होऊन गेला असं धरायला हरकत नाही. कोवॅक्सिनवाल्यात तसं सांगता येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून-जुलै 2021 च्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहणीत, एस (स्पाइक) आणि एन दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं तपासली होती, 67.6 टक्के लोकांत ती सापडली. त्या 70 जिल्ह्यांत परभणीही होता, वर्गात जरूर सांगा.

एनविरोधी प्रतिपिंडं विषाणूला पेशीबाहेर अडवत नाहीत हे तुमचं बरोबर. पण बाधित पेशी एनचे तुकडे पृष्ठभागावर मांडते आणि मारक टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) ते ओळखतात. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल झाले, एन त्यामानाने कमी बदललं. घरच्या घरी करायच्या बहुतेक रॅपिड चाचण्या एनच शोधतात, म्हणून ओमिक्रॉन आल्यावरही त्या चालल्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उंदरांचा प्रयोग उद्या फळ्यावर घेते. एकच शंका राहिली: एनविरोधी चाचणी निगेटिव्ह आली, तर संसर्ग झालाच नाही असं म्हणायचं का?

प्रतिसाद 2

नाही. ही प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरू लागतात, आणि लसीनंतर सौम्य संसर्ग झालेल्या काहींत ती तयारच होत नाहीत. पॉझिटिव्हवरून काही सांगता येतं, निगेटिव्हवरून नाही.