‘फास्ट लेन्स’मधला वेग कशाचा? रेंजफाइंडर आणि अंधुक उजेड यांच्या संदर्भात

प्रश्न:
छायाचित्रणावरील मराठी लेखनात ‘फास्ट लेन्स’साठी कुठे ‘वेगवान भिंग’ तर कुठे ‘जलद भिंग’ असे प्रतिशब्द आढळतात. डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याने (ज्यात लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवतात) अंधुक उजेडात छायाचित्रे कशी घ्यावीत याविषयी सध्या मी लिहीत आहे आणि नेमका याच शब्दाशी अडलो आहे. ‘वेगवान भिंग’ असे वाचले की ते भिंग काहीतरी झटपट करते, बहुधा फोकस झटपट करते, असा वाचकाचा समज होईल. प्रत्यक्षात रेंजफाइंडरमध्ये फोकस सर्वस्वी हातानेच जुळवावा लागतो. मग हा वेग कशाचा, आणि त्याला मराठीत काय म्हणावे?

उत्तर:
वेग शटरचा आहे, भिंगाचा नव्हे. भिंग जितके अधिक उघडे, तितका अधिक प्रकाश त्याच वेळात आत येतो आणि तितका कमी वेळ शटर उघडे ठेवले तरी भागते. जोसेफ पेट्झवाल यांनी गणिताने आखलेले आणि फॉइग्टलँडर यांनी १८४० मध्ये तयार केलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग सुमारे एफ/३.६ इतके उघडे होते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके भिंग अधिक उघडे), तर त्याआधी छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक दागेर यांच्या कॅमेऱ्यावर असणारी भिंगे एफ/१५च्या आसपासची होती. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की प्रकाशातला फरक सुमारे सतरापट भरतो. ज्या कामासाठी माणसाला मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसवावे लागे, ते मिनिटाच्या आत उरकू लागले. भिंगाला वेगाचे विशेषण का शोभते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. अधिक संवेदनशील फिल्मला ‘फास्ट फिल्म’ म्हणतात तेही याच अर्थाने.

आजच्या भाषेत सांगायचे तर एफ/२.८ला शटर १/१५ सेकंदावर ठेवावे लागत असेल, तर त्याच संवेदनशीलतेला एफ/१.४वर १/६० सेकंद मिळतो. १/१५ला हात स्थिर राहिला तरी समोरचा माणूस स्थिर राहतोच असे नाही, त्यामुळे हा फरक मोलाचा ठरतो.

‘फास्ट’ हा शब्द सापेक्ष आहे, हेही लेखात यावे. झूम लेन्स एफ/२.८ची असली तरी तिला फास्ट म्हणतात. रेंजफाइंडरच्या ५० मिलिमीटर लेन्समध्ये मात्र एफ/२ ही साधीच गोष्ट समजली जाते आणि हे विशेषण एफ/१.४पासून पुढे लागते. कॅननने आपल्या ‘कॅनन ७’ या रेंजफाइंडरसाठी १९६१ मध्येच एफ/०.९५ची लेन्स काढली होती. लायकाची पहिली नॉक्टिलक्स १९६६ मध्ये एफ/१.२ची होती आणि २००८ मध्ये तीही एफ/०.९५पर्यंत आली.

दुसरे उत्तर:
इंग्रजीच्या मागे जाण्याची गरज काय? जर्मनमध्ये अशा भिंगाला ‘लिश्टश्टार्क’, म्हणजे प्रकाशाच्या बाबतीत बलवान, म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याला ‘प्रकाशमान’ अशा अर्थाचे विशेषण आहे आणि जपानी छायाचित्रकार सरळ ‘आकारुइ’, म्हणजे उजळ, लेन्स म्हणतात. वेगाचा विचार इंग्रजीने केला, बाकीच्यांनी प्रकाशाचा केला. मराठीत ‘उजळ भिंग’ हा शब्द छोटा आहे, कानाला बरा वाटतो आणि अर्थही पोहोचवतो.

तिसरे उत्तर:
‘उजळ भिंग’ हा शब्द एसएलआर कॅमेऱ्यासाठी उत्तम आहे. तिथे छायाचित्रकार लेन्समधूनच पाहतो, त्यामुळे एफ/२.८ची लेन्स काढून एफ/१.४ची बसवली की डोळ्यापुढचे चित्र खरोखर उजळते आणि शब्द सार्थ होतो. रेंजफाइंडरमध्ये मात्र हाच शब्द वाचकाला फसवील. तिथली पाहण्याची खिडकी लेन्सपासून वेगळी असते. एफ/०.९५ची लेन्स चढवली तरी त्या खिडकीतला उजेड तसूभरही वाढत नाही; उलट अशी लेन्स जाडजूड असल्यामुळे चौकटीचा खालचा उजवा कोपरा ती झाकून टाकते. आता ही अडचणच आहे असे नाही, कारण लेन्स कितीही लहान उघडली तरी खिडकी अंधारत नाही, हे रेंजफाइंडरचे अंधुक उजेडातले खरे बलस्थान आहे. परंतु त्याचे श्रेय लेन्सला देता येत नाही.

माझा आक्षेप मुळात ‘उजळ’ आणि ‘वेगवान’ या दोन्ही शब्दांना आहे, कारण या कॅमेऱ्यात फास्ट लेन्स एका कामाचा वेळ वाचवते आणि दुसऱ्या कामाचा वाढवते. शटर चार पट भरभर उघडमीट करते, पण फोकस जुळवायला पूर्वीपेक्षा अधिक सावकाशी लागते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.४वर ठेवून एक मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर रूढ हिशेबाने पुढेमागे मिळून जेमतेम ३ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, एफ/०.९५ला तो २ सेंटीमीटरच्या थोडाच वर राहतो. डिजिटल चित्र पडद्यावर पूर्ण आकारात पाहणाऱ्याला तर तेवढाही पट्टा स्पष्ट वाटत नाही.

प्रत्यक्ष कृती पाहा. खिडकीच्या मध्यभागी एक लहान उजळ चौकोन असतो आणि त्यात दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचे कडे फिरवले की त्यांतली एक सरकते आणि दुसरीवर नेमकी बसली की फोकस जुळला. चेहऱ्यावर जवळच्या डोळ्याच्या पापणीची कड पकडावी, कारण गालावर जुळवण्यासारखे काहीच नसते. पण डोळा चौकोनात, म्हणजे चित्राच्या अगदी मध्यावर असतो आणि छायाचित्रकाराला तो बाजूला हवा असतो. म्हणून तो फोकस झाल्यावर कॅमेरा थोडा वळवतो. एक मीटरवर १५ अंश वळवले की स्पष्टतेचे प्रतल डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटीमीटर मागे जाते. पट्टाच तीन सेंटीमीटरचा, त्यातला निम्माच पुढच्या बाजूला. मग कान रेखीव येतो आणि डोळा विरघळतो. यावर उपाय म्हणजे वळवल्यानंतर शरीर किंचित मागे घेणे, किंवा मुळातच विषय मध्याजवळ ठेवून नंतर चित्र कापणे. मला दुसरा उपाय अधिक भरवशाचा वाटतो, मग त्याला कोणी आळस म्हणो.

याखेरीज यंत्राचीही मर्यादा आहे. रेंजफाइंडरची अचूकता त्याच्या दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि दृश्य किती पट दिसते यावर ठरते. लायका एम९मध्ये हे अंतर ६९.२५ मिलिमीटर आणि पट ०.६८ आहे, म्हणजे गुणाकार ४७ मिलिमीटर. एप्सन आर-डी१ हा २००४ चा पहिलाच डिजिटल रेंजफाइंडर; त्यात दृश्य खऱ्या आकाराचे दिसत असले तरी खिडक्यांमधले अंतर जेमतेम ३८ मिलिमीटर आहे. लहान गुणाकाराच्या यंत्रावर मोठे उघडणारी लेन्स म्हणजे सुतारकामाच्या पट्टीने सोने मोजणे. त्यात कॅमेऱ्यातली यंत्रणा केसभर जरी सरकलेली असली, तरी प्रतिमा जुळलेल्या दिसतात आणि चित्र मात्र पुसट येते.

मूळ प्रश्नकर्ता:
हे लेखात घेईन. एक उपप्रश्न आहे. ‘लो लाइट’साठी मी ‘मंद प्रकाश’ लिहिले आहे. ‘अंधुक उजेड’ अधिक योग्य ठरेल का?

उत्तर:
ठरेल. ‘मंद प्रकाश’ हा डोळ्यांना सुखावणारा, बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेला असतो. ‘अंधुक’ या शब्दात नीट न दिसण्याची अडचण सामावलेली आहे आणि तुमचा विषय ती अडचणच आहे. मात्र एकच शब्द सगळीकडे वापरू नका. संधिप्रकाशात उजेड सर्वत्र सारखा पसरलेला असतो, कुठे ठळक कड सापडत नाही, त्यामुळे दुहेरी प्रतिमा जुळवताना नजर चाचपडते. मिणमिणत्या दिव्याजवळ उजेड त्याहून कमी असला, तरी ज्योतीची, चष्म्याच्या काडीची, पेल्याच्या काठाची कड चटकन जुळते. तिथे अडचण वेगळी येते. दिवा चौकटीत असला की प्रकाशमापक त्याला भुलून चित्र काळे करतो, आणि चौकटीबाहेर गेला की अंधाऱ्या पार्श्वभूमीला भुलून चेहऱ्याचा उजळ भाग जाळून टाकतो. डिजिटल चित्रात जळालेला भाग परत आणता येत नाही, सावल्या मात्र काही प्रमाणात उचलता येतात. म्हणून चेहऱ्यावरून एकदा मोजमाप घ्यावे, शटरचा वेळ हातानेच ठरवावा आणि दिवा हलेपर्यंत त्याला हात लावू नये.

जाता जाता, ‘पिवळा उजेड’ हाही स्वतंत्र विषय आहे. २००६ च्या लायका एम८चा सेन्सर अवरक्त किरणांना इतका संवेदनशील होता की तापतारेच्या दिव्याखाली कृत्रिम धाग्याचे काळे कपडे जांभळट दिसत आणि लेन्सवर खास फिल्टर लावावे लागत. जुन्या कॅमेऱ्याविषयी लिहिणार असाल तर हे सोडू नका.

चौथे उत्तर:
पुन्हा मुख्य शब्दाकडे वळतो. ‘मोठ्या तोंडाचे भिंग’ असे का म्हणू नये? त्यात वेगही नाही आणि उजळपणाही नाही.

तिसऱ्या उत्तराचे लेखक:
तोंडाच्या आकाराने काम भागत नाही. ३०० मिलिमीटरच्या एफ/४ लेन्सचे तोंड ७५ मिलिमीटरचे असते आणि ५० मिलिमीटरच्या एफ/१.४चे सुमारे ३६ मिलिमीटरचे; तरीही फास्ट दुसरीच, कारण एफ-क्रमांक हे केंद्रांतर आणि उघडीप यांचे गुणोत्तर आहे. शिवाय बोलताना आपण ‘लेन्स’ स्त्रीलिंगी वापरतो, ‘लेन्स पूर्ण उघडी ठेवली’, ‘एक स्टॉप मिटवली’ (म्हणजे प्रकाश निम्मा होईल इतकी) असे म्हणतो आणि त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. ‘भिंग’ म्हटले की मात्र पुष्कळांना अक्षरे मोठी करून दाखवणारी काच आठवते. म्हणून शीर्षकात आणि मजकुरात ‘फास्ट लेन्स’च ठेवावे, आणि पहिल्या उल्लेखापाशी असे वाक्य द्यावे: “ज्या लेन्सचा सर्वांत लहान एफ-क्रमांक १.४ किंवा त्याहून कमी आहे, आणि त्यामुळे अंधुक उजेडातही जिच्यासह शटरचा वेळ कमी ठेवता येतो, तिला येथे फास्ट लेन्स म्हटले आहे. फोकसच्या वेगाशी या शब्दाचा संबंध नाही.” एफ/२लाही या गटात घ्यायचे असेल तर आकडा बदलावा, वाक्य तेच चालेल.