'इंडिपेंडंट' चॅनेल म्हणजे स्वतंत्र, खासगी की अपक्ष?

पेठकर
मंडळी, एका शब्दानं दोन दिवस डोकं खाल्लंय. पत्रकारितेच्या पोरांसाठी नोट्स मराठीत करायला घेतल्यात आणि त्यात युरोपातल्या 'इंडिपेंडंट कमर्शियल टेलिव्हिजन ब्रॉडकास्टर्स'च्या असोसिएशनवर अख्खं प्रकरण आहे. पहिल्या झटक्यात मी लिहून टाकलं 'स्वतंत्र व्यावसायिक दूरचित्रवाणी प्रक्षेपक संघ'. आईला वाचून दाखवलं तर म्हणते, हे पण दूध गोळा करतात काय रे? हसायला आलं, पण चूक तिची नाही, आपल्याकडं नुसतं 'संघ' म्हटलं की दूध संघ नाहीतर शेतकरी संघ, तिसरं काही डोळ्यापुढं येतच नाही. आणि 'स्वतंत्र' म्हणजे नेमकं कुणापासून स्वतंत्र तेच मला कळंना झालंय.

रंकाळ्याकाठी
कुणापासून हाच खरा प्रश्न आहे बघा. हा शब्द आला इंग्लंडातनं. तिथं 1954 च्या कायद्यानं जाहिरातींवर चालणाऱ्या टीव्हीला परवानगी दिली आणि 22 सप्टेंबर 1955 ला आयटीव्ही सुरू झालं, पहिली जाहिरात टूथपेस्टची. आता आयटीव्हीतला आय म्हणजे इंडिपेंडंट. पण हे स्वतंत्र कसलं, ट्रान्समीटर सरकारनं नेमलेल्या ऑथॉरिटीचे, आणि कंपन्यांना भाग वाटून दिलेले, लंडनला तर सोमवार ते शुक्रवार एक कंपनी आणि शनिवार रविवार दुसरी! स्वतंत्र म्हणजे एवढंच की बीबीसी नव्हे आणि टीव्हीसाठी घरटी भरायच्या लायसन फीचा पैसा नव्हे. 'कमर्शियल' म्हटलं की तिथल्या भल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या म्हणून हा सोवळा शब्द. बीबीसीवाल्यांना तो झोंबणारच की, म्हणजे आम्ही काय कुणाचे बांधील?

पेठकर
म्हणजे 'स्वतंत्र' लिहिलं तर पोरं समजणार निर्भीड, निःपक्षपाती वगैरे. आणि हे तर जाहिरातवाले.

रंकाळ्याकाठी
बरोबर. आणि अमेरिकेत गेलात तर अर्थ अजून पलटतो. तिकडं जवळपास सगळेच कमर्शियल, त्यांची नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स 1923 पासूनची आहे. तिथं इंडिपेंडंट स्टेशन म्हणजे जे कुठल्याच मोठ्या नेटवर्कला जोडलेलं नाही ते. त्याला आपला शब्द तयार आहे, 'अपक्ष'! चिन्ह नाही, पक्ष नाही, स्वतःचं पॅनेल स्वतः छापायचं.

केबलवाला राजारामपुरी
अपक्ष लई भारी की वो 😂 पण खरं सांगू काय, वीस वर्षं लाईनमध्ये आहे, 'प्रक्षेपक' हा शब्द मी आज पहिल्यांदा वाचला. आमच्यात ब्रॉडकास्टर म्हणजे चॅनेलची कंपनी, त्याच्या खाली एमएसओ, म्हणजे सगळे चॅनेल गोळा करून आम्हाला सिग्नल देणारी मोठी केबल कंपनी, त्याच्या खाली आम्ही, आणि आमच्या खाली शिव्या देणारं गिऱ्हाईक. प्रक्षेपण म्हटलं की मला एकतर मॅच नाहीतर रॉकेट. आणि संघटना म्हणाल तर आपल्याकडं पण आहे, इंडियन ब्रॉडकास्टिंग फाउंडेशन, 1999 ची, 2021 ला नावात 'डिजिटल' घातलं. ट्रायनं, म्हणजे सरकारी नियामकानं, बुकेचे (चॅनेलच्या एकत्र पॅकेजचे) नियम बदलले की हेच हायकोर्टात जाणार. 2023 च्या फेब्रुवारीत केबल कंपन्यांनी नवीन करार सही केला नाही म्हणून मोठ्या ब्रॉडकास्टरनी कित्येक ठिकाणी सिग्नल बंद केले, तेव्हा एक आज्जी दारात येऊन म्हणाल्या, माझी सिरीयल कुठं पळवलीस रे. आता त्यांना कुठलं फाउंडेशन समजावून सांगू? आपल्याकडं फाउंडेशन म्हणजे चौकातला डिजिटल बोर्ड आणि त्यावर तीस फोटो.

निपाणीची लेक
'प्रक्षेपक' नकोच, 'प्रसारक' घ्या, प्रसारभारतीमुळं कानाला सवय आहे. 'व्यावसायिक' पण मला पटत नाही. मराठीत व्यावसायिक म्हणजे कामात वाकबगार असाही अर्थ होतो, व्यावसायिक रंगभूमी आपण कौतुकानं म्हणतो. 'धंदेवाईक' म्हटलं की शिवी. मधला साधा शब्द 'खासगी', आणि तो खाजगी नव्हे हं, खास वरनं आलेला खासगी, आपल्या खासबागेतला खास तोच.
पण खरी मजा पुढच्या शब्दात आहे. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन 1950 ची, ऑफिस जिनेव्हाला. युनियन म्हटलं की इचलकरंजीचे कामगार आठवतात, पण ही युनियन मालकांची, त्यातही मुख्यतः लोकांच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक प्रसारकांची. मोठ्या स्पर्धांचे खेळाचे हक्क ती सगळ्या सभासदांसाठी मिळून घ्यायची. फ्रान्सच्या एम सिक्स ह्या खासगी चॅनेलला तिनं आत घेतलं नाही. मग एम सिक्स आणि इटली, स्पेनमधले खासगीवाले कोर्टात गेले, कारण ह्या सामायिक खरेदीला युरोपियन कमिशननं बाजारातल्या स्पर्धेच्या कायद्यातनं सूट दिलेली, ती 1996 ला कोर्टानं रद्द केली. तोवर खासगीवाल्यांनी आपली वेगळी चूल मांडलीच होती, असोसिएशन ऑफ कमर्शियल टेलिव्हिजन इन युरोप, 1989, ऑफिस ब्रुसेल्सला. जिनेव्हाला नाही, कारण कायदे ब्रुसेल्सला होतात. त्याच वर्षी युरोपचा टीव्हीचा कायदा आला आणि जाहिरातींना तासाला 20 टक्के म्हणजे 12 मिनिटांची मर्यादा ठरली. आपल्याकडं पण 12 च आहेत.

केबलवाला राजारामपुरी
12 मिनिटं?? ताई, कागदावर.

पेठकर
ताई, म्हणजे बघा, नावात इंग्लंडवाल्यांनी 'इंडिपेंडंट' लावला आणि ब्रुसेल्सवाल्यांनी सरळ 'कमर्शियल' लावला, आडपडदा नाही. मला हेच प्रामाणिक वाटतं. मग असं करतो, आयटीव्हीचं नाव आहे तसं ठेवतो, अमेरिकेला 'नेटवर्कशी न जोडलेलं' असं फोड करून लिहितो, अपक्ष कंसात घालायचा मोह आवरतो. बाकी सगळीकडं 'खासगी प्रसारकांची संघटना'. 'मंडळ' पण मनात आलेलं पण आपल्यात मंडळ म्हणजे गणपती नाहीतर फुटबॉल.
राहिला एकच, लॉबिंग. म्हणजे ब्रुसेल्सला बसून ही मंडळी जे काम करतात ते. 'प्रतिनिधित्व' लिहिलं तर फारच गोड वाटतंय.

रंकाळ्याकाठी
'रदबदली' घ्या की. जुना शब्द आहे, दुसऱ्यासाठी मोठ्या माणसाकडं जाऊन शब्द टाकणं. वशिल्याइतका घाण नाही आणि प्रतिनिधित्वाइतका धुतलेला नाही.

निपाणीची लेक
रदबदलीला माझं मत. फक्त ती माणूस माणसासाठी करतो, ऑफिस भाड्यानं घेऊन पगारी लोक करतात तेव्हा रदबदली म्हणावी काय ते बघा.

पेठकर
त्याला मी 'लॉबिंग'च ठेवला आणि पहिल्यांदा येतो तिथं रदबदली असं समजावलं.
दोन दिवसांनी अपडेट देतो. प्रूफ परत आलं. मी खाली सगळीकडं 'वाहिन्या' लिहिलेलं, टायपिंगवाल्यानं 'खासगी वहिन्यांची युरोपातली संघटना' केलेलं, ते घरात सगळ्यांना दाखवून झाल्यावर दुरुस्त करून पाठवलं. आज दुसरं प्रूफ आलं. वहिन्या गेल्यात, पण 'प्रसारक'चं सगळीकडं 'प्रचारक' झालंय.

केबलवाला राजारामपुरी
न्यूज चॅनेलच्या पानावर तसंच राहू दे भावा.